लक्ष ठेव

३ डिसेंबर

आजपासून रोजचं मनात टिपून ठेवायचं ठरवलं आहे, कारण आज मला काम मिळालं. आतापर्यंत मी नुसता खाऊन-पिऊन लोळत होतो.

माझं नाव बटाट्या. रंग तसा आहे आणि लहानपणी आकारही तसाच होता. उन्हाळ्यात दादाने मला एका खोक्यातून आणलं आणि ताईच्या मांडीवर ठेवलं. दादा आणि ताई म्हणजे नवरा-बायको. खाली राहणाऱ्या घरमालकीण काकू मला "जा, ताईकडे जा, दादाकडे जा" म्हणतात, म्हणून माझ्यासाठी ते दादा-ताई. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताई म्हणाली होती, अहो काकू, आमचं नातं कशाला बिघडवता? दोघंही खूप हसली होती. दोघं अजून शिकतात. ताई इमारती कशा बांधायच्या ते शिकते. दादा यंत्रांचं शिकतो, पण त्याचे दोन विषय राहिले आहेत, म्हणून तो सध्या घरीच अभ्यास करतो. लग्न त्यांनी ताईच्या बाबांना न विचारता केलं. तेव्हापासून बाबा तिच्याशी बोलत नाहीत. तारखा मला ताईमुळे कळतात. जानेवारीत तिला कॉलेजात मोठं काम सादर करायचं आहे, म्हणून ती रोज सकाळी दात घासताना तारीख मोठ्याने म्हणते आणि स्वतःलाच घाबरवते.

तर माझं काम. दादाने मला दाराशी बसवलं आणि सांगितलं की ताई घरात असेल तेव्हा मी इथे बसायचं आणि ती दाराकडे आली की भुंकायचं. "लक्ष ठेव," तो म्हणाला. ताईने विचारलं, हे काय नवीन? तो म्हणाला, दिवस वाईट आहेत, मी नसताना तुझ्याजवळ कुणीतरी हवं.

मला कुणीतरी म्हटलेलं मला फार आवडलं.

७ डिसेंबर

ताईचा फोन आता कपाटावर असतो. तिचं अभ्यासात लक्ष लागावं म्हणून दादाने ठेवला आहे. लागला तर माग, मी काढून देईन, असं तो म्हणाला. तिचा हात तिथे पोचत नाही. माझा चेंडूही मी फार धिंगाणा घातला की तिथेच जातो, त्यामुळे मला यात काही वावगं वाटलं नाही. दुपारी चेंडू आणि फोन शेजारी शेजारी पडले होते. फोन बराच वेळ गुरगुरत होता. दादाने तो बघितला, कुणाचा ते सांगितलं नाही, आणि परत ठेवून दिला.

८ डिसेंबर

थंडी. भुंकलो तीनदा. तिन्ही वेळा ताई फक्त कचऱ्याची पिशवी घेऊन दाराशी आली होती. दादाने शाबासकी दिली.

१४ डिसेंबर

आज चांगला दिवस गेला, म्हणून सविस्तर टिपतो.

आमच्याकडे एकच हीटर आहे. तो जिथे असेल तिथे सगळे असतात. सकाळी दादा आणि ताई एकाच शालीत बसून चहा प्यायले. मी दोघांच्या पायांवर. तो तिला यंत्राचं काहीतरी समजावत होता आणि ती मुद्दाम चुकीचे प्रश्न विचारत होती. मग त्याने तिची वेणी घातली. वाकडी घातली, पण तिने ती दिवसभर तशीच ठेवली.

जमिनीवर ताईचं मॉडेल आहे. पांढऱ्या पुठ्ठ्याचं, एका वाचनालयाचं. पायऱ्या माझ्या नखाएवढ्या आहेत. पायऱ्यांवर बसून वाचणारी माणसंही तिने कापून लावली आहेत. मी त्याच्या आसपास फिरकत नाही. एकदा शेपूट लागली तेव्हा ताई ओरडली नाही, फक्त श्वास रोखून बसली, आणि तेवढं मला पुरलं.

दादा तिला रोज कॉलेजला सोडतो आणि सुटेपर्यंत फाटकाबाहेर थांबतो. आज मलाही नेलं होतं. बाहेर कडाक्याचा गारठा होता आणि तो मोटारसायकलवर बसून फाटकाकडे बघत राहिला. सुटल्यावर ताई एका मुलाशी बोलत बाहेर आली. दादाने त्याला हसून नमस्कार केला. परत येताना कुणीच बोललं नाही. वारा फार होता म्हणून असेल.

१९ डिसेंबर

आज खुर्ची पडली. मी पाडली नाही. मी स्वयंपाकघरात होतो. आधी दादाचा आवाज चढला, त्याच मुलाचं काहीतरी होतं, मग खुर्ची पडली आणि त्यानंतर आणखी एक आवाज आला, खुर्चीपेक्षा मऊ.

काकूंचं शिवणयंत्र खाली थांबलं. त्या वर आल्या. त्यांनी दार वाजवलं तेव्हा मी भुंकलो नाही, कारण मला बाहेर जाणाऱ्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं आहे, येणाऱ्यांचं काही सांगितलेलं नाही. काकूंनी विचारलं, सगळं ठीक आहे ना गं? ताई दार अर्धंच उघडून म्हणाली, बटाट्याने खुर्ची पाडली काकू. काकूंनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी लांब, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होतो. त्या म्हणाल्या, "बरीच जोरात पाडलीन."

ताईने माझं नाव का घेतलं ते कळलं नाही. पण घरच्यांसाठी एवढं चालतं.

२७ डिसेंबर

ताई आता घरातसुद्धा लांब बाह्यांचा स्वेटर घालते. हीटरसमोरही काढत नाही. आज भांडी घासताना तिने बाह्या वर केल्या तेव्हा मी मनगट चाटायला गेलो. तिथे वेगळा वास येत होता, पडलेल्या फळासारखा. तिने हात झटकन मागे घेतला. मग खाली बसली आणि माझ्या मानेत तोंड खुपसून बराच वेळ तशीच राहिली. माझी मान ओली झाली. थंडीत ओलं झालं की त्रास होतो, पण मी हललो नाही.

दादा घरी आल्यावर तिच्यासाठी मोजे घेऊन आला. स्वतःच्या हाताने घातले. तिचे पाय मांडीवर घेऊन रडला. "मला तुझ्याशिवाय कोण आहे?" असं म्हणाला. ती त्याचे केस कुरवाळत राहिली. मला वाईट वाटलं. मीही आहे की.

२ जानेवारी

आज ताई कॉलेजातून पळत जिना चढली. तिच्या सरांनी तिचं नाव एका मोठ्या ऑफिसात कामासाठी सुचवलं होतं आणि ते मंजूर झालं. लांब, दुसऱ्या शहरात. परीक्षा झाली की जायचं. ती सांगताना एका जागी उभी राहत नव्हती. दादा म्हणाला, वा, अभिनंदन. मग म्हणाला, आपण नीट विचार करू. मग त्याने ताट तसंच ठेवलं आणि संध्याकाळभर मॉडेलसमोर बसून राहिला. एकेक पायरी बघत होता. ताईने विचारलं, कसं झालंय? तो म्हणाला, छान झालंय, नाजूक आहे.

११ जानेवारी

हे टिपावं की नाही याचा बराच विचार केला.

दुपारी ताई कॉलेजात होती. तिला सोडून दादा परत आला होता. मी हीटरजवळ झोपलो होतो. आवाजाने डोळे उघडले तेव्हा दादा मॉडेलवर उभा होता. मॉडेलच्या जवळ नाही, मॉडेलवर. चपला घालून. हळूहळू पाय फिरवत होता, बाहेरून आल्यावर पायपुसण्यावर फिरवतो तसा. चेहऱ्यावर राग नव्हता. मी शेपूट हलवली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरेरे. हे काय केलंस रे तू?"

ताई आल्यावरही त्याने तेच सांगितलं. मी पाच मिनिटं खाली दुकानात गेलो आणि याने हे केलं. मग त्याने मला माझ्या पूर्ण नावाने हाक मारली, बटाटा, आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोनदा मारलं.

मला आठवतं ते वेगळं आहे. पण झोपेत माझे पाय चालतात, हे ताई स्वतः सांगते. कदाचित ते चालत चालत तिथपर्यंत गेले असतील. दादाला खोटं बोलायचं काय कारण? मी केलं असेन. मी फार वाईट कुत्रा आहे. ताई जमिनीवर बसून त्या छोट्या माणसांना गोळा करत होती. मी तिच्याजवळ जायला धजलो नाही.

१२ जानेवारी

दादा अंघोळीला गेला आणि नळाचा आवाज सुरू झाला, तेव्हा ताईने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता हिचाही मार. पण तिने माझं तोंड उघडलं. दात बघितले, मागचेसुद्धा. बोटाने हिरड्या चाचपल्या. मग एकेक पंजा उचलून उलटा केला, बोटांमध्ये बघितलं, वास घेतला. काही सापडलं नाही, कारण काही नव्हतंच. मग ती उठून चपलांच्या फळीपाशी गेली. दादाच्या चपलेच्या तळाला पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा गोंदाने चिकटला होता. तिने तो काढला नाही. चपला जशा होत्या तशा ठेवल्या.

परत येऊन माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. "तू नाही केलंस," ती म्हणाली. अगदी हळू.

ती सांगते म्हणजे तसं असेल. मग दादाचं काय? दोघंही खरं बोलत असतील असं कसं जमवायचं, हे मला दिवसभर सुटलं नाही. जेवलो नाही.

१३ जानेवारी

ताई आज फार गोड वागली. दादाला म्हणाली, तू म्हणतोस ते बरोबर आहे, नको जायला त्या दुसऱ्या शहरात. दादाने तिला मिठी मारली. तरीही बाहेर जाताना त्याने दाराला बाहेरून कुलूप लावलं. थंडीने दार नीट बसत नाही, आपोआप उघडतं, असं म्हणाला. मला म्हणाला, लक्ष ठेव.

दार नीट बसतं. मी रोज तिथे बसतो, मला माहीत आहे.

१६ जानेवारी

दादाचा राहिलेल्या विषयाचा पेपर होता. तो सकाळी गेला. ताईने त्याला पेन दिलं, पाण्याची बाटली दिली, सावकाश लिही म्हणाली. कुलूप लागलं. मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडे गेला आणि मग तिने स्टीलची मोठी पट्टी घेतली, जमिनीवर गुडघे टेकले आणि फरशीवर ठोकायला लागली. खाली शिवणयंत्र थांबलं.

काकू वर आल्या त्या स्वतःची किल्ली घेऊनच. घर त्यांचं आहे, दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते हे माझ्या लक्षातच नव्हतं. दार उघडून त्या एवढंच म्हणाल्या, "इतके दिवस का नाही वाजवलंस?"

काकूंनी तिला त्यांचा फोन दिला. तिने लावला. "बाबा," ती म्हणाली. मग नुसतं ऐकत राहिली.

तिने पिशवी भरली आणि ती दाराकडे आली. मी उभा राहिलो. काम ते काम. भुंकलो, जेवढ्या जोराने येतं तेवढ्या. ती थांबली. मी दारात आडवा झालो. तिच्या अंगाला भीतीचा वास येत होता. तो माझ्यामुळे येतोय हे मला कळत होतं, पण हुकूम मोडायचा कसा ते मला कुणी शिकवलेलं नाही.

काकू म्हणाल्या, यालाही घेऊन जा. ताई म्हणाली, बसमध्ये घेणार नाहीत, आणि बसची वेळ झालीय. तिने माझा पट्टा धरून मला हळूच बाजूला सरकवलं. मी चावू शकलो असतो. चावलो नाही. तिने माझ्या कपाळाला कपाळ लावलं आणि म्हणाली, "मी तुला न्यायला येईन."

मग जिन्यात तिच्या पावलांचा आवाज आला. मी कामात चुकलो.

तारीख माहीत नाही

आता तारीख कुणी सांगत नाही.

त्या दिवशी दादा आला, तेव्हा घरात फक्त मी होतो. त्याने आधी सगळ्या खोल्या बघितल्या, कपाटातसुद्धा बघितलं. मग माझ्यासमोर बसला. "तुला काय सांगितलं होतं?" त्याने शांतपणे विचारलं. पुढचं मी टिपत नाही. त्याला फार दुःख झालं होतं.

तारीख माहीत नाही

आता मी गॅलरीत असतो, साखळीला. इथे हीटर नाही. वाटीतल्या पाण्यावर सकाळी काच धरते, ती जिभेने फोडावी लागते. मागचा एक पाय टेकवत नाही. काकू खालून भाकरीचे तुकडे वर फेकतात, काही आत पडतात, काही पडत नाहीत. दादाने पाहिलं तर तो काकूंशी भांडतो.

तरी मी त्याला दोष देत नाही. त्याला आता माझ्याशिवाय कुणी नाही.

तारीख माहीत नाही

दादाने आज गॅलरीचं दार उघडलं आणि माझा फोटो काढला. मग ताईच्या बाबांच्या नंबरावर फोन लावला आणि ताईशी बोलला. आवाज इतका मऊ होता की मला वाटलं मला आत घेणार. तो म्हणाला, "बटाट्या आजारी आहे गं. काही खात नाही. तुझीच वाट बघतोय. एकदा येऊन जा, एकटी ये, मला फक्त बोलायचंय."

मी आजारी आहे हे मला माहीत नव्हतं. बोलून झाल्यावर त्याने दार लावून घेतलं. मी बाहेरच.

मग दिवसभर तो घर आवरत होता. झाडलं, पुसलं, अंथरूण नवीन घातलं. दाराला आतून आणखी एक कडी बसवली, वरच्या बाजूला, ताईचा हात पोचणार नाही अशी. स्क्रू पिळताना तो गुणगुणत होता.

रविवार

वार मला नंतर कळला. शाळेची बस रविवारी रिकामी असते, म्हणून.

दुपारी रस्त्यावर एक पिवळी बस येऊन थांबली. तिच्यातून आधी एक माणूस उतरला, टक्कल, जुनं जाकीट, आणि त्याच्यामागून ताई. मी साखळी ताणून इतका उड्या मारत होतो की पाय दुखायचा विसरला. दादाने खिडकीतून पाहिलं. त्याने एकटीसाठी सगळी तयारी केली होती.

ताईचे बाबा शाळेची बस चालवतात. ते जिना चढून आले, मागे ताई, तिच्यामागे काकू. दादाने दार उघडलं आणि म्हणाला, सासरेबुवा, या ना. बाबा आत येऊन बसले नाहीत. म्हणाले, "मी भांडायला आलो नाही. कुत्रा न्यायला आलोय."

दादा बराच वेळ बोलला. त्याचं प्रेम किती आहे, ताईचं डोकं कुणी फिरवलं, काकूच कशा आगलाव्या आहेत. बाबा ऐकून घेत होते, पण त्यांचं लक्ष दाराच्या वरच्या कोपऱ्यातल्या नव्या कडीकडे होतं. मग ते सरळ गॅलरीत आले आणि वाकून त्यांनी माझी साखळी सोडली.

आत आलो तेव्हा दादा म्हणाला, "बस." मी बसलो. त्याच्या पायाशी. ताईने हाक मारली, बटाट्या, ये. मी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि बसूनच राहिलो. दादा हसला. ताईकडे बघून म्हणाला, बघ, कुत्र्यालासुद्धा कळतं.

तेव्हा बाबांनी मला पोत्यासारखं उचललं. मी त्यांना ओळखत नव्हतो आणि मला दादाने बस सांगितलं होतं. मी त्यांच्या हाताला चावलो. चांगला चावलो, रक्ताची चव लागली. त्यांनी मला टाकलं नाही. उलट आणखी घट्ट धरलं आणि म्हणाले, "चाव बाबा. तुझीही काही चूक नाही."

दादा दाराकडे सरकला, पण दारात काकू कापड कापायची मोठी कात्री हातात घेऊन उभ्या होत्या. कामातूनच उठून आल्या होत्या, पण खाली ठेवावी असं त्यांना वाटलं नाही.

बसमध्ये ताई मागच्या बाकावर मला घेऊन बसली. बाबा एका हाताने चालवत होते, दुसऱ्याला तिची ओढणी बांधलेली. शहर मागे पडलं. मग बाबा आरशात बघून म्हणाले, "मागे गार लागत असेल तर पुढे येऊन बस." ताई मला घेऊन पुढे गेली.

२९ जानेवारी

इथे बाबा सकाळी वर्तमानपत्रातली तारीख मोठ्याने वाचतात, त्यामुळे माझं पुन्हा सुरळीत झालं. माझ्या पायाला पट्टी आहे. बाबांच्या हातालाही आहे. डॉक्टरांकडे दोघं एकाच दिवशी जातो, वेगवेगळ्या डॉक्टरांकडे.

ताई आणि बाबा पोलीस ठाण्यात गेले होते. स्वेटरच्या बाह्या वर करून फोटो काढले. तिथल्या बाईंनी बाबांना फोन नंबर दिला आणि दादा दिसला तर लगेच कळवा असं सांगितलं. कॉलेजने ताईला मुदत वाढवून दिली आहे. ती पुन्हा पायऱ्या कापते. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला झोपतो, उगीच शंका नको.

दाराशी बसायला मला इथे कुणी सांगितलेलं नाही. तरी बसतो. दादा येईल असं वाटतं. त्याची आठवण येते. हे मी ताईला दाखवत नाही.

६ फेब्रुवारी

सकाळी धुकं होतं. बाबा बस पुसत होते. ताई आत होती. मी फाटकाशी होतो.

रस्त्यापलीकडे, बंद दुकानाच्या पायरीपाशी, दादा उभा होता. अंगावर त्याचं नेहमीचं जाकीट, हातात हेल्मेट. आधी वास आला, मग दिसला. माझ्या अंगात असं काही उसळलं की शेपटीसकट मी अर्धा हलायला लागलो. त्याला आमचं घर सापडलं. तो माझ्यासाठी आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला आणि तोंडावर बोट ठेवलं.

गप्प राहा, असा त्याचा अर्थ. मी त्याचा प्रत्येक हुकूम ऐकला आहे. हाही सोपा होता.

तो रस्ता ओलांडायला लागला. बाबांची पाठ होती. त्याने फाटकाच्या कडीकडे हात नेला, अगदी सावकाश, आवाज न करता, आणि त्याचा तो हात मी बघत राहिलो. नखं स्वच्छ कापलेली. मोजे घालणारा, वेणी घालणारा, तोच हात. मी भुंकलो.

का भुंकलो ते मला अजून नीट सांगता येत नाही. आनंदाने सुरुवात केली असेल. पण मधेच तो आवाज बदलला आणि मला माझाच ओळखू येईना. दादाने हात मागे घेतला. त्याने मला बटाटा म्हणून हाक मारली, पूर्ण नावाने. मी थांबलो नाही.

बाबा फडकं टाकून आले. ताई दारात आली. आत पळाली नाही, दारातच उभी राहिली, हातात कटर होता. दादा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने हेल्मेट घातलं आणि मोटारसायकल काढून तो वळणाकडे गेला. धुक्यात दिवा दिसेनासा झाला.

ताईने खाली बसून माझी मान धरली. "गेला तो," ती म्हणाली. "पुरे आता, गेला."

माणसांचे कान लहान असतात. वळणापलीकडे इंजिन बंद झालं होतं. आवाज लांब जात जात विरला नव्हता, एका जागी थांबला होता. स्टँड लावल्याचा आवाजही मी ऐकला. ती मला आत ओढत होती आणि मी पाय रोवून त्या दिशेला भुंकतच होतो, घसा बसला तरी.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग वळणाकडे पाहिलं. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

"तो उगीच नाही भुंकत," ते म्हणाले. ताईला आत नेलं, कडी लावली आणि त्या पोलीसबाईंचा नंबर फिरवला.